मला फक्त पिच बघायचं होतं

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची टीम आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेच्या फायनलला पोहोचली. आमच्या शाळेला मैदान नाही. इमारतीच्या मागे सिमेंटचा एक चौक आहे. एका बाजूला पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या बाजूला शिक्षकांच्या स्कूटर. चेंडू भिंतीबाहेर गेला तर फलंदाज बाद, असा तिथला नियम. त्या चौकात शिकलेली मुलं खऱ्या गवतावर फायनल खेळणार म्हणून आम्ही दोन बस करून पोरांना घेऊन गेलो. मी उर्दू आणि मराठी शिकवते. त्या दिवशी माझ्याकडे शिस्तीचं काम होतं. बसमध्येच मी बजावलं होतं, दोनदा मराठीत आणि एकदा उर्दूत, की काहीही झालं तरी दोरी ओलांडून मैदानात जायचं नाही.

शेवटच्या षटकात आम्ही जिंकलो आणि पन्नास-साठ पोरं दोरी ओलांडून धावत सुटली.

मीही धावले. सातवीतल्या एका मुलाची कॉलर माझ्या हाताला लागली. मी त्याला ओढत बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "लाज वाटते का? लोक काय म्हणतील?" तो रडला नाही. मान खाली घालून म्हणाला, "टीचर, मला फक्त पिच बघायचं होतं."

परतीच्या बसमध्ये पोरं गात होती, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले होते. आयोजकांपैकी कुणीही आमच्यावर ओरडलं नव्हतं. हरलेल्या शाळेचे पालकही आरामात आत फिरत होते. एक गृहस्थ तर आमच्या कप्तानाबरोबर फोटो काढत होते. त्या मैदानावर घाबरलेली बाई एकच होती, ती म्हणजे मी. आणि त्या भीतीला मी शिस्तीचं नाव दिलं होतं.

ही भीती आली कुठून, ते मला ठाऊक आहे. ती अब्बांकडून आली.

जानेवारी १९७५. वानखेडे स्टेडियमवरचा पहिलावहिला कसोटी सामना, वेस्ट इंडिजविरुद्ध. मालिका दोन-दोन अशी बरोबरीत, हा शेवटचा सामना. अब्बा तेव्हा वीस वर्षांचे, कोकणातून येऊन गोदीत नुकतेच कामाला लागलेले. कुणाकडून तरी तिकीट मिळवून ते गेले होते. क्लाइव्ह लॉइडचं द्विशतक झालं तेव्हा एक पोरगा कुंपणावरून आत उतरला आणि त्याचं अभिनंदन करायला धावला. पोलिसांनी त्या पोराला पकडून भर मैदानात मारलं. लोकांना ते सहन झालं नाही. स्टेडियममध्ये दंगल उसळली आणि खेळ थांबवावा लागला. लॉइड पुढे २४२ धावांवर नाबाद राहिला, वेस्ट इंडिजने सामना आणि मालिका जिंकली. हे सगळं पुस्तकात सापडतं. अब्बांची एक चप्पल त्या पळापळीत गेली, ते काही पुस्तकात नाही.

अब्बा हा किस्सा हसत सांगायचे. लॉइडचे फटके हातवारे करून दाखवायचे. पण शेवटी नेहमी एक वाक्य यायचं आणि तेव्हा ते हसत नसत. "मारताना कुणी नाव विचारत नाही. मारून झाल्यावर विचारतात. आपलं नाव सांगायची वेळ येईल अशा ठिकाणी उभं राहू नये."

म्हणून आमच्या घरात नियम होता. मॅच बघायची, टाळ्या वाजवायच्या, पण गर्दीच्या पुढे धावायचं नाही. भारत-पाकिस्तान सामना असला की दुसरा नियम लागू व्हायचा. भारत जिंकला की गल्लीतला पहिला फटाका आमच्या दारात वाजला पाहिजे. अब्बा तो सकाळीच आणून ठेवायचे. त्यांचा आनंद खोटा नव्हता. गावसकर बाद झाला की ते जेवत नसत. पण आनंद होणं पुरेसं नव्हतं, तो वेळेत दिसायलाही हवा होता. ज्यांना ही घाई कधी करावी लागली नाही, त्यांना ती समजावून सांगणं कठीण आहे. ज्यांनी केली आहे, त्यांना सांगायची गरज नाही.

सामना संपल्यावर प्रेक्षकांना मैदानात जाऊ द्यावं का, हा प्रश्न एरवी सुरक्षेचा आणि गवताचा मानला जातो. तो तसा आहेच. पण मला त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. आनंदाने धावत येणाऱ्या माणसाकडे आपण कुठल्या नजरेने बघतो? आणि ती नजर सगळ्यांसाठी सारखी असते का?

अब्बास अली बेग यांची गोष्ट मी वर्गात बऱ्याचदा सांगते. हैदराबादचा हा मुलगा १९५९ साली ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. इंग्लंडच्या दौऱ्यावर असलेल्या भारतीय संघात त्याला ऐनवेळी घेतलं आणि पहिल्याच कसोटीत मँचेस्टरला त्याने शतक ठोकलं. वय वीस. पुढच्या जानेवारीत मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने दोन्ही डावांत अर्धशतकं केली. चहापानाला तो परतत असताना एक तरुणी प्रेक्षकांतून धावत आली आणि तिने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं. १९६० सालच्या मुंबईत, हजारो लोकांसमोर! समालोचन करणाऱ्या विजय मर्चंट यांनी मिश्कीलपणे विचारलं की मी शतकं काढत होतो तेव्हा या मुली कुठे होत्या. देश हसला. त्या मुलीला कुणी मारलं नाही, आणि बेग यांचं नावही कुणाला खटकलं नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाकिस्तानचा संघ आला. पहिला सामना त्याच ब्रेबॉर्नवर झाला. या मालिकेत बेग यांच्या धावा झाल्या नाहीत. फलंदाजाचा फॉर्म जातो, त्यात नवल काही नाही. पण या वेळी लोकांनी धावांचा हिशेब धर्माशी जोडला. त्यांना शिव्याशापांची पत्रं आली, मुद्दाम खेळत नाही असा इल्जाम लागला. ते संघाबाहेर गेले आणि पुन्हा कसोटी खेळायला त्यांना १९६६-६७चा हंगाम उजाडला. एकूण कसोट्या दहा.

एका वर्षात हे घडलं. मैदानात धावत आलेलं प्रेम खरं होतं, यात मला शंका नाही. पण प्रेक्षकांचं प्रेम अर्ध्या तासात दोरी ओलांडतं तसं एका मालिकेत परतही जातं. म्हणून खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात थोडं अंतर असणं वाईट नाही, असं मला पूर्वी वाटायचं. खेळाडूच्या भल्यासाठीच.

या बाजूचे पुरावे कमी नाहीत. १९९३ साली हॅम्बुर्गला टेनिस कोर्टवर एका प्रेक्षकाने मोनिका सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. तो तिच्या प्रतिस्पर्धी खेळाडूचा चाहता होता. जून २००१ मध्ये इंग्लंडमध्ये हेडिंग्लेला पाकिस्तान जिंकायच्या बेतात असताना पाकिस्तानचे पाठीराखे सामना संपण्याआधीच मैदानात घुसले. एक सुरक्षा कर्मचारी त्या लोंढ्यात जबर जखमी झाला आणि इंग्लंडचा कप्तान अ‍ॅलेक स्ट्युअर्टने सामना सोडून दिला. आपल्या पोरांकडे संशयाने बघतात, ही तक्रार मी वर केली आहे. म्हणून हेडिंग्ले गाळून पुढे जाणं मला जमणार नाही. तिथे धावणाऱ्यांचा आनंद खरा होता, आणि त्या कर्मचाऱ्याच्या फासळ्याही खऱ्या होत्या. जून २०२५ मध्ये बंगळुरूला आयपीएलच्या विजयाचा जल्लोष बघायला आलेल्यांपैकी ११ जण स्टेडियमच्या फाटकांबाहेर चेंगराचेंगरीत मेले. ते तर मैदानापर्यंत पोहोचलेही नव्हते.

बाई म्हणून आणखी एक सांगते. "लोक मैदानात उतरले" असं आपण म्हणतो, तेव्हा त्या लोकांत कोण असतं? जुने फोटो काढून बघा. बहुतेक तरुण पुरुष. म्हातारे नसतात, कुबडीवाले नसतात, कडेवर मूल घेतलेली आई नसते. जिथे रांग नसते तिथे मी जात नाही, कारण तिथे काय होतं ते मला लोकलच्या फलाटावर शिकायला मिळालं आहे. तेव्हा कुंपण तोडून आत जाणं म्हणजे मैदान सगळ्यांचं झालं, हे खरं नाही. ते फक्त जोरात पळणाऱ्यांचं होतं.

आणि गवताचं काय? ते कुणीतरी राखलेलं असतं. अब्बांनी पाहिलेल्या त्या १९७५च्या सामन्यात भारताकडून एकनाथ सोलकरने शतक केलं होतं. सोलकरचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानावर माळी होते आणि ते कुटुंब मैदानाच्या कडेलाच झोपडीत राहायचं. मैदान म्हणजे कुणाच्या तरी बापाची रोजची मेहनत, हे त्या मुलाला शिकवावं लागलं नसेल. शंभर बूट एका संध्याकाळी त्यावरून धावतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी घेऊन कोण उभं राहतं, हा विचार आनंदात कुणी करत नाही.

इतकं सगळं मान्य करूनही माझं मत आता बदललं आहे. कारण बंद मैदानाची किंमतही मोजावी लागते, आणि ती आपण मोजत नाही.

२४ ऑगस्ट १९७१. ओव्हल. अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडला इंग्लंडमध्ये पहिल्यांदा हरवलं. विजयी फटका सय्यद आबिद अलींचा, समोरच्या टोकाला फारुख इंजिनियर. हैदराबादचा मुसलमान आणि मुंबईचा पारशी, आणि त्यांच्याकडे धावत येणारे भारतीय. कुणी विद्यार्थी, कुणी कामगार, परक्या देशात रोज मान खाली घालून जगणारी माणसं. त्या दिवशी आबिद अलींना लोकांनी वेढलं तेव्हा त्यांना कुणी नाव विचारलं नाही. बेग यांचं उलटलेलं प्रेम मला माहीत आहे, तरीही मी ओव्हलचं हे दृश्य खोटं मानू शकत नाही. ती मिठी त्या माणसांच्या आयुष्यात किती दिवस पुरली असेल! मैदान कायमचं बंद केलं की असा एक दिवसही कुणाच्या वाट्याला येत नाही.

शिवाय बंद मैदान माणसाला कुंपणावरून उडी मारायला शिकवतं. दार नसलं की उडीच उरते, आणि उडी मारणारा पकडला की मार. वानखेडेनंतर ४९ वर्षांनी, जून २०२४ मध्ये, न्यूयॉर्कजवळ बांगलादेशविरुद्धच्या सराव सामन्यात एक चाहता रोहित शर्माला भेटायला धावला. पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडलं, आणि रोहित त्यांना सांगत होता की जरा सांभाळून, त्याला त्रास देऊ नका. खेळाडूला कळतं की हा पोरगा आपल्याला मारायला आलेला नाही. पोलिसाला ते कळायला वेळ नसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक त्या व्यवस्थेची आहे, जिने भेटण्यासाठी उडीशिवाय वाट ठेवली नाही.

वाट ठेवता येते का? मी मराठीची शिक्षिका आहे, मला पहिल्यांदा वारीतलं रिंगण आठवतं. घोडा धावत असतो तेव्हा लाखोंच्या गर्दीतून एक माणूस आत पाऊल टाकत नाही. चोपदार असतात, पण गर्दी आवरते ती काही त्यांच्या काठीमुळे नाही. घोडा गेला की तीच माणसं वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आत येण्याची वेळ ठरलेली आहे, ती येणार आहे, हे प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून आधी कुणी धावत नाही. ईदगाहचंही तसंच. ईदगाह म्हणजे मैदानच की. हजारो माणसं एका वेळी येतात, चपला काढतात, सफ धरतात, खांद्याला खांदा लावून उभी राहतात. नमाज आणि खुतबा संपला की त्याच मैदानावर अनोळखी माणसाला गळामिठी. तिथे दोन्ही आहे, रांगही आणि मिठीही.

क्रिकेटलाही हे नवीन नाही. न्यूझीलंडमध्ये कसोटी सामन्याच्या जेवणाच्या सुट्टीत प्रेक्षकांना मैदानात सोडतात. बाप-लेक टेनिस बॉलने खेळतात, आणि घंटा झाली की परत जाऊन बसतात. इंग्लंडच्या कौंटी सामन्यांतही बऱ्याच ठिकाणी हे चालतं. मधली खेळपट्टी दोरी लावून राखलेली असते. मान्य, तिथली गर्दी वानखेडेएवढी नसते. चाळीस हजार माणसांना एकदम कुणी सोडू शकत नाही. पण रोज एका स्टँडला, त्यातही आधी मुलांना आणि म्हाताऱ्यांना, खेळाडू आत गेल्यावर, फाटकातून, पंधरा मिनिटं? आयपीएलच्या तिकिटांची एवढी व्यवस्था करणाऱ्यांना एवढं जमणार नाही, हे मला पटत नाही. आणि जिल्ह्याच्या, तालुक्याच्या, शाळेच्या सामन्यांना तर हे उद्यापासून करता येईल. अट एकच. खेळाडूला हात लावायचा की नाही हे खेळाडूने ठरवायचं. बेग यांना त्या चहापानाला कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं बोलायला सोपं आहे. मला आधी माझी चूक निस्तरायची होती.

सोमवारी वर्गात मी त्या मुलाची माफी मागितली. सगळ्यांसमोर कॉलर धरली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर. तो संकोचून बाकाखाली बघत राहिला. शेजारचा म्हणाला, "टीचर, त्याने कधीच खरं पिच बघितलं नाही. कुणीच नाही बघितलं." मी विचारलं, मग धावताना मला सांगितलं का नाही? तो म्हणाला, "तुम्ही आधीच नाही म्हणाला होता."

मी त्या मैदानाच्या माळीकाकांना जाऊन भेटले. मला वाटलं होतं ते हाकलून देतील. ते म्हणाले, "पोरं किती?" चौतीस. "येऊ द्यात. शनिवारी मॅच आहे, संपली की आणा. बूट काढायचे. पाच-पाच जण. पिचवर उभं राहायचं नाही, बाजूला बसून हात लावायचा."

शनिवारी चौतीस मुलं अनवाणी दोरीबाहेर उभी होती. सामना चालला होता, एकानेही पाऊल आत टाकलं नाही. कुणाला ओरडावं लागलं नाही. सामना संपला, दोन्ही संघ आत गेले, माळीकाकांनी हात केला आणि पहिले पाच चालत गेले. माझा सातवीतला मुलगा तिसऱ्या खेपेला होता. तो गुडघ्यावर बसला आणि तळहात पिचवर ठेवून बराच वेळ तसाच राहिला. मग काकांना विचारलं, "इतकं कडक? मग चेंडू वळतो कसा?" काकांनी त्याला भेगा दाखवल्या, पाणी किती दिवस आधी बंद करायचं, रोलर कधी फिरवायचा, सगळं सांगितलं. पंधरा मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. जाताना काकांनी पोरांकडून तेवढ्यातला पालापाचोळा गोळा करून घेतला, आणि पोरांनी तो मोठ्या हौसेने केला.

रात्री अब्बांना फोन केला. सगळं सांगितलं, कॉलर धरल्याचंही. ते ऐकत होते. मग त्यांनी एकच विचारलं, "पोलीस होते का?"

"नाही अब्बा. एक माळी होते."

थोडा वेळ काही बोलले नाहीत. टीव्हीवर कुठलीतरी जुनी मॅच चालू असल्याचा आवाज येत होता.

"पुढच्या वेळी मलाही घेऊन चल," ते म्हणाले. "पन्नास वर्षं होऊन गेली बेटा. गवत आपलं लांबूनच बघितलंय."